मनगटावरचा शिक्का

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी खून, दरोडे, दंगली असं पुष्कळ काही पाहिलं. त्या गुन्ह्यांचा मला त्रास झाला, पण अशी चिडचिड झाली नाही. या प्रकरणात कुणाला ओरखडासुद्धा उठला नाही आणि तरीही तीन दिवस माझं सगळं ठाणं त्यात अडकलं होतं. मुलांनो, परदेशात तुमच्याकडे कॉलेजच्या सामन्यांना केवढी गर्दी होते आणि त्यावर कॉलेजं कशी चालतात, हे तुम्ही मला फोनवर सांगत असता. आपल्या अमरावतीतही एकदा तो प्रयोग झाला. तो मी पोलीस निरीक्षकाच्या खुर्चीतून पाहिला.

तेव्हा माझ्या निवृत्तीला सातेक महिने राहिले होते. हद्दीतल्या एका कॉलेजात दर हिवाळ्यात मुलींची आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धा होत असे. अकोला, बडनेरा, वरूड अशा ठिकाणांहून संघ येत. मैदान मातीचं, प्रवेश फुकट. खेड्यापाड्यांतली माणसं चटया आणि भाकरीची फडकी घेऊन सकाळीच येऊन बसत, त्यांत खेळाडूंच्या आयाही असत. आमच्याकडून दोन शिपाई बंदोबस्ताला गेले की पुरे होत.

त्या वर्षी कॉलेजच्या क्रीडा संचालकांनी ठरवलं की स्पर्धा नफ्यात आणायची. माणूस वाईट नव्हता. संघाला बूट नाहीत, मुली बाहेरगावी एसटीने स्वतःच्या खर्चाने जातात, अनुदान येता येता वर्ष संपतं, हे त्यांचं गाऱ्हाणं खरं होतं. त्यांनी बाहेरची एक कंपनी आणली. कंपनीने मातीवर मॅट टाकली, चारी बाजूंनी कनात ठोकली, खुर्च्या मांडल्या, पुढे देणगीदारांसाठी सोफे लावले आणि तिकीट ठेवलं. खाण्यापिण्याचा ठेका एकाच स्टॉलला दिला. बाहेरचा डबा आणि पाण्याची बाटली आत आणायला बंदी केली.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत विकलेल्या तिकिटांच्या जवळजवळ दुप्पट माणसं आत होती. सोफ्यांवर वलगावकडच्या बाया मांडी घालून बसल्या आणि ज्यांच्यासाठी ते मांडले होते ते लोक उभे राहिले. ढकलाढकली झाली, एक खुर्ची मोडली. संध्याकाळी सहाच्या सुमारास संचालक तक्रार अर्ज घेऊन ठाण्यात आले. कॉलेजच्याच मैदानावरच्या शिपायाविरुद्ध फसवणुकीचा गुन्हा दाखल करा, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्याला ते सोबतच घेऊन आले होते. हा शिपाई साठीला टेकलेला गृहस्थ. तीस वर्षं त्याने कबड्डीचं मैदान तयार केलं होतं. माती चाळायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याची रेघ आखायची. यंदा मॅट आल्यावर त्याला काम उरलं नाही, म्हणून त्याला गेटवर उभं केलं. कुणी बाहेर जाऊन परत येणार असेल तर त्याच्या मनगटावर कॉलेजच्या मशालीचा जांभळा शिक्का मारायचा. मनगटी पट्टे महाग पडतात म्हणून कंपनीने ही स्वस्तातली सोय केली होती. शिक्का एकच, आणि तो दिवसभर या माणसाच्या हातात. तिकिटाविना आत सापडलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर मशाल होती. संचालकांचं गणित सरळ होतं. हा पैसे घेऊन शिक्के मारत सुटला.

"मॅडम, परवा फायनल आहे. त्याआधी याला आत टाका, म्हणजे बाकीचे सरळ होतील," ते म्हणाले. संस्थेने त्याला कारणे दाखवा नोटीस त्याच दुपारी दिली होती. चार महिन्यांनी तो निवृत्त होणार होता. गुन्हा दाखल झाला असता तर पेन्शन अडकली असती. आणि आयुष्यभर इमानाने काम केलेला माणूस चोर म्हणून घरी गेला असता. हे मला त्या क्षणी दिसत होतं, तरीही मी काय केलं ते सांगते. मला आयुक्तालयात बैठक होती. त्याला बाकावर बसवून ठेवा, आल्यावर बघते, असं सांगून मी निघून गेले. तो दोन तास बाकावर बसून होता.

परत आल्यावर मी जबाब घेतला. चौकशीत खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो, हा माझा अनुभव. हा फारच कमी बोलला.

"बाईसाहेब, जो बाहेर गेला त्याच्या हाताले मी शिक्का लावला. जो बाहेर गेला नाई, त्याच्या हाताले नाई लावला. अजून काय सांगू?"

पैसे घेतले का? नाही. शिक्का कुणाच्या हाती दिला का? नाही. मग ही माणसं आत आली कुठून? त्याने मान हलवली. त्यालाही कळत नव्हतं, आणि ते त्याला माझ्यापेक्षा जास्त बोचत होतं. मी अर्जाची स्टेशन डायरीत नोंद केली, गुन्हा दाखल केला नाही आणि त्याला घरी पाठवलं. संचालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीही तिकिटाविना आत शिरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तो गिला वड्याच्या गाडीवाल्याचा. हा माझा जुना खबऱ्या. सायकलचोरीच्या दोन टोळ्या त्याच्यामुळे हाती लागल्या होत्या. बरीच वर्षं त्याची गाडी त्याच गेटसमोर लागायची. आतल्या ठेक्यासाठी त्याला रस्त्यापलीकडे हाकललं होतं, म्हणून त्याचा राग होता आणि लक्षही.

"मॅडम, तुमी त्या बुढ्याले काहून धरलं? शिक्का गेटावर नाई, टँकरापाशी वाढून राह्यला. येऊन पाहा, पण वर्दीत नका येऊ."

दुपारी मी साध्या साडीत, एका महिला शिपायाला सोबत घेऊन गेले. गेटबाहेर महानगरपालिकेचा पाण्याचा टँकर उभा होता. आत बाटली न्यायची नाही आणि स्टॉलवर पाणी वीस रुपयांना, त्यामुळे दर अर्ध्या तासाला माणसं घोळक्याने बाहेर येत होती. बदली माणूस मिळाला नव्हता म्हणून गेटवर तोच म्हातारा शिपाई होता, फक्त शेजारी कंपनीचा एक माणूस पाळतीला ठेवला होता. शिपाई प्रत्येकाला नियमाप्रमाणे शिक्का मारत होता. माणसं टँकरच्या तोटीखाली ओंजळ धरत आणि पलीकडे जात. तिथे आधीपासून थांबलेल्यांचे हात धरून जरा वेळ उभी राहत, जणू यात्रेत ओळखीचं कुणी भेटलंय.

एका बाईला मी पाहिलं. चाळिशीची, अंगाने भक्कम, नाकात चमकी. ती आपलं ताजं शिक्क्याचं मनगट दुसऱ्या बाईच्या ओल्या मनगटावर दाबून धरत होती आणि मोठ्याने आकडे मोजत होती. पाचपर्यंत. मग तिसरीला तसंच. मग तिघी गेटकडे निघाल्या. कंपनीच्या माणसाने तीन जांभळे डाग पाहिले आणि तिघींना आत सोडलं.

मागोमाग आत जाऊन मी तिला बाजूला घेतलं आणि ओळखपत्र दाखवलं. ती घाबरली नाही, वैतागली. तिची मुलगी यजमान कॉलेजच्या संघात होती आणि सामना दहा मिनिटांवर आला होता.

"मावशी, हे काय चाललंय?"

"काय चालून राह्यलं? पाणी पिऊन राह्यलो."

"आणि हातावर हात?"

"थ्या माह्या जावा हायेत. पोरगी आमच्या साऱ्याईच्या हातची वाढली. तिचा खेळ एकटी मीच पाहू का? पाच तिकिटं काढाले इथं काय लगन हाय?"

हा गुन्हा आहे, असं मी म्हणाले. त्यावर ती जे बोलली ते माझ्या डायरीत जसंच्या तसं आहे.

"मॅडम, तुमी ऐका. पाण्याची बाटली आत नेऊ देली असती, त आम्ही बाहेर आलो असतो का? बाहेर आलो नसतो, त शिक्का लागला असता का? शिक्का त्याईनंच देला. आमी कुठी मांगतला?"

मग तिने पहिल्या दिवसाची हकीकत सांगितली. युक्ती कुणी मुद्दाम शोधून काढली नव्हती. पहिल्या दिवशी तिने उन्हात सासूचा घामेजला हात धरला आणि सासूच्या मनगटावर मशाल उमटली, इतकंच. संध्याकाळपर्यंत ते चार गावांना ठाऊक झालं होतं. कॉलेजला आणि मला सोडून.

पण शिपायाला सोडवायला एवढं पुरेसं नव्हतं. संचालक म्हणाले असते की एका बाईने केलं असेल, बाकीचे शिक्के त्याचेच. मी त्या तिघींची मनगटं शेजारी शेजारी धरली तेव्हा फरक दिसला. शिपायाने मारलेल्या शिक्क्यात मशालीची ज्वाला उजवीकडे झुकलेली होती. हातावरून हातावर आलेल्या ठशात ती आरशातल्यासारखी उलटी, डावीकडे. रबराचा तो शिक्का कसाही दाबला तरी डावी ज्वाला उमटणार नाही. गेटवर जाऊन मी खात्री म्हणून माझ्याच मनगटावर शिक्का घेऊन महिला शिपायाच्या हातावर दाबून पाहिला. तीन दिवस तो डाग आमच्या दोघींच्या हातांवरून गेला नाही.

मग मैदानातल्या तिकीट नसलेल्या माणसांची मनगटं तपासली. जितकी तपासली तितक्यांची ज्वाला डावीकडे. फोटो काढले, पंचनाम्याला साक्षीदार म्हणून पंच बोलावले. त्यातले एक पंच शिक्क्याचं मनगट पाठीमागे लपवत होते, त्यांना बदलावं लागलं. पंचनामा लिहिताना आमच्या ठाणे अंमलदारांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मॅडम, मुद्देमाल म्हणून जप्त काय दाखवू? हात?"

त्या संध्याकाळी मी संचालकांना बोलावून फोटो समोर ठेवले. त्यांनी ते एकेक करून उचलून पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे आता टँकर हलवावा लागेल."

मुलांनो, त्या वाक्याने माझा संयम संपला. मी त्यांना विचारलं, की तहानलेल्या माणसाला तुम्ही बाहेर जायला लावता, परत येताना त्याच्यावर संशय घेता आणि उपाय म्हणून पाणीच पळवता, तर हा माणूस तुमच्या मुलींच्या नावाने टाळ्या का वाजवील? ते म्हणाले, टाळ्यांनी बूट येत नाहीत. खरं होतं तेही. पण त्या दोन दिवसांत कनातीतली माणसं सामन्यापेक्षा गेटकडेच जास्त बघत होती. कॉलेजच्या संघातल्या मुलीच मला सांगून गेल्या होत्या की असं खेळायला मजा येत नाही.

शेवटी बंदोबस्ताच्या परवानगीत मी तीन अटी घातल्या. आत पिण्याचं पाणी फुकट. दोन बाजूंची कनात काढून जमिनीवर बसायला मोकळी जागा, खुर्च्यांना खुशाल तिकीट लावा. आणि घरचा डबा चालेल. अटी मान्य नसतील तर फायनल दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घ्या. संचालकांनी कुरकुरत सही केली.

फायनलला मैदान दुपारी दोनलाच भरलं. बाहेर कुणी गेलं नाही, त्यामुळे शिक्का दिवसभर टेबलावर पडून होता. खुर्च्या बऱ्याच विकल्या गेल्या, सोफे अर्धे रिकामे राहिले. डबे असूनही स्टॉलवरची भजी चारच्या आधी संपली. फायदा किती झाला ते संचालकांनी मला कधीच सांगितलं नाही. पुढच्या वर्षी मात्र हीच व्यवस्था त्यांनी स्वतःची कल्पना म्हणून वर्तमानपत्रात छापून आणली. यजमान मुली अकोल्याकडून दोन गुणांनी हरल्या. त्या मावशींनी सामन्याच्या पंचांना शेवटपर्यंत जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण प्रकरण तिथे संपलं नाही, आणि माझा खरा वैताग इथून सुरू झाला. संचालकांनी तक्रार तोंडी मागे घेतली. नोटीस मात्र संस्थेने दिलेली होती, ती तशीच राहिली. मी तक्रारीत तथ्य नाही असा अहवाल पाठवला. कॉलेजच्या बाबूंनी सांगितलं, अहवाल प्राचार्यांच्या नावे आहे, तो संस्थेच्या सचिवांच्या नावे हवा. सचिवांच्या नावे पाठवला, तर म्हणाले प्राचार्यांमार्फत या. शिपायाची निवृत्ती दोन महिन्यांवर आली. मी स्वतः वर्दीत कॉलेजात गेले. एकदा सचिव नव्हते, एकदा फाईल नव्हती. तिसऱ्यांदा मी बाबूंच्या टेबलासमोर खुर्ची घेऊन बसले आणि पत्र टाईप होईपर्यंत उठले नाही. नोटीस मागे घेतल्याचं ते चार ओळींचं पत्र होतं. त्या चार ओळींना दोन महिने लागले.

या प्रकरणाने मला शिकवलं ते असं. गर्दीत काही चुकलं की आपण नियम कुणी केला हे विचारत नाही. गेटवर कोण उभं होतं एवढंच विचारतो. तिथे उभा असलेला माणूस बहुतेक वेळा सगळ्यांत कमी पगाराचा असतो. संचालकांनी तेच केलं. हे लिहिताना मला ते सोयीस्करपणे वगळता आलं असतं, पण त्या पहिल्या संध्याकाळी मीही तेच केलं होतं. त्याचा जबाब घ्यायला मला पंधरा मिनिटं लागली असती. मी बैठकीला गेले.

पत्र त्याच्या हातात देताना मी ते बोलून दाखवलं. त्या दिवशी तुम्हाला दोन तास बाकावर बसवून ठेवलं, ती माझी चूक होती, असं म्हणाले.

त्याने पत्राची घडी करून खिशात ठेवली. "त्याचं काय एवढं, बाईसाहेब. सकाळपासून गेटावर उभा होतो. तुमच्या ठाण्यात पहिल्यांदा बसाले भेटलं."

तो हे मनापासून बोलला. म्हणूनच मला ते अजून विसरता आलेलं नाही.