एक लाख एकतीस हजार एकाहत्तर

माझ्या थोरल्या दिरांचे तीन डंपर आहेत आणि तिन्हींच्या नंबराची बेरीज नऊ येते. आमच्याकडे गाडीचा रंग कुठलाही चालतो, बेरीज मात्र नऊच लागते. त्यामुळे माझं दहावीचं हॉलतिकीट आलं तेव्हा त्यांनी फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. सीट नंबरावर बोट ठेवून आकडे मिळवले. १३१०७१.

"तेरा. म्हंजी चार. राहू हाय ह्यो," ते म्हणाले. "यंदा नको बसू. पुढच्या वर्षी चांगला नंबर येल."

नवरा त्यांच्या शब्दाबाहेर नाही, त्याने मान डोलावली. मी सोळाव्या वर्षी गणितात नापास झालेली, भागाकार दिसला की घाम फुटणारी. चाळिशी उलटल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसत होते. यंदा घरी राहिले तर पुन्हा उठणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझं टाळकंच सरकलं.

"नंबर कसा हाय ते मीच बघते, दादा," मी म्हटलं.

आगरदांड्याहून फेरीबोटीने येणाऱ्या शिकवणीच्या बाईंना विचारलं, या नंबराला कशाने भाग जातो का. कशानेच गेला नाही तर नंबर पक्का, असं मी मनाशी ठरवलं होतं. त्या म्हणाल्या, "बेरजेवरून एवढंच कळतं, की तीनने आणि नऊने भाग जात नाही. बाकी भागूनच बघ. तीनशे बासष्टपर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. त्याहून मोठा भाजक असेल, तर त्याचा जोडीदार आधीच सापडेल." अशा मूळ संख्या बहात्तर निघाल्या. मी दहाव्याला वही मिटेन असं बाईंना वाटलं असणार.

दिघीच्या जेट्टीवर माझी चहाची टपरी आहे. बोट पलीकडे गेली की गिऱ्हाईक नसतं. तेवढ्यात दोन भागाकार, कधी तीन. तेराने भागलं, पाच उरले. सतराने, एक उरला. एकोणीसला चुकले, खोडून पुन्हा केला. दूध दोनदा उतू गेलं.

दोनशे सत्तावन्नला हात थांबला. पाचशे दहा वेळा घेतले की एक लाख एकतीस हजार सत्तर. गेलाच की भाग! म्हणजे दादाच खरे, असं वाटलं. पुन्हा पाहिलं तर खाली एक उरला होता. एकच, पण उरला होता. भर दुपारी टपरीत मला रडू कोसळलं.

शेवटचा भागाकार तीनशे एकोणसाठचा. छत्तीस उरले. नंबर मूळ होता. बाईंनी वही तपासली आणि म्हणाल्या, "यात एक मिळवून निम्मे करत जा, सतराव्या खेपेला एक येतो. अशा मूळ संख्या फार थोड्या असतात." घरी येऊन मी ते सतरा निम्मे सरळ करून टाकले. घाम फुटला नाही, हे नंतर लक्षात आलं.

वही दादांपुढे ठेवली. पानं चाळून ते म्हणाले, "पन बेरीज चारच ना?"

"चारच. मी बसतेय."

गणितात पंचेचाळीस मिळाले. दादांनी पेढा तोंडात टाकला आणि बोटं मोजली. "चार नि पाच नऊ! बघ, म्हनून तरलीस."

"पंचेचाळीसला तीननं भाग जातो, पाचनं जातो, नवानं पन जातो, दादा," मी म्हटलं. "ज्या नंबरावर बसले, त्याला न्हाय जात. बहात्तर वेळा घालून बघितलाय."