धाकटीच्या पायांना तेल

माझी धाकटी बहीण आठवीत असताना तिला मधुमेह झाला. घरोघरी केबल येत होती, त्या दिवसांतली गोष्ट. तिला सारखी तहान लागायची, कपडे अंगावर लोंबायला लागले, आणि एका दुपारी ती शाळेतच कोसळली. दवाखान्यातून आली ती इन्सुलिनच्या बाटल्या घेऊनच. तिच्या शरीरात ते तयारच होत नव्हतं. रोज, आयुष्यभर बाहेरून द्यावं लागणार होतं. आईला हे 'आयुष्यभर' काही केल्या पचेना. कुणीतरी सांगितलं, आयुर्वेदात इलाज आहे, सुई सुटेल. म्हणून आम्ही तिघी कसब्यातल्या घरून चालत नारायण पेठेतल्या एका वैद्यबाईंकडे गेलो.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सकाळचं इंजेक्शन दिलंय ना?"

"दिलंय. पण तेच तर सोडवायचंय," आई म्हणाली.

"मग आपण चुकीच्या जागी आलात. ते सोडलं तर मुलगी हाती लागणार नाही. तसलं औषध माझ्याकडे नाही, आणि आहे म्हणणाऱ्याच्या दारात उभ्याही राहू नका."

आईचे डोळे भरले. आम्ही उठणार तेवढ्यात बाई धाकटीकडे वळल्या. "तुला काय खावंसं वाटतं गं?"

काय खायचं नाही, एवढंच तिला सगळे सांगत होते. ती म्हणाली, "आंबा."

"डॉक्टरांनाच विचारू, जेवणाबरोबर दोन फोडी कशा बसवायच्या ते," म्हणत बाईंनी तिथूनच फोन लावला. परत येताना धाकटी कितीतरी दिवसांनी हसत होती.

पोटात घ्यायचं औषध बाईंनी दिलंच नाही. जेवणा-झोपेच्या वेळा बांधून दिल्या, जेवणानंतर फिरायला सांगितलं, तेही खिशात साखर ठेवून, रक्तातली एकदम उतरली तर म्हणून. आणि संध्याकाळी पायांना कोमट तिळाचं तेल. "बोटांच्या बेचक्यात तेल नको, तिथं नुसतं नीट बघायचं," त्या मला म्हणाल्या. "तेलाच्या निमित्ताने पाय रोज बघितले जातील. जखम लपून राहायला नको."

ते काम माझ्याकडे आलं. ती माझ्या मांडीवर पाय टाकून भिंतीला टेकायची आणि बोलत सुटायची. वर्गात डबा उघडला की कोण कसं बघतं, मांडीला सुई टोचताना ती मनात काय म्हणते, मोठेपणी कुठे कुठे जायचंय. तेल मुरलं तरी मी पाय खाली ठेवत नसे. इतकं निवांत पुढे आम्ही कधीच बोललो नाही.

ती इंजिनिअर झाली आणि हिंजवडीला एका आयटी कंपनीत लागली. परदेशातल्या लोकांच्या वेळेप्रमाणे मीटिंगा, जेवणाचा पत्ता नाही. एकदा कंपनीच्या बसमध्येच तिची साखर उतरली. शेजारच्या मुलीने ज्यूस पाजला म्हणून निभावलं. मी तिला बाईंकडे घेऊन गेले.

"ऑफिसात सांगितलंयस का?" त्यांनी विचारलं.

"नाही. त्यांना काय वाटेल?"

"बसमध्ये बेशुद्ध पडलेली बरी दिसतेस का?"

दुसऱ्याच दिवशी तिने साहेबांना सांगितलं. त्यांनी लगेच मीटिंगची वेळ बदलली. मग पुढच्या वर्षी कंपनीने तिलाच अमेरिकेला पाठवलं, ती तिकडचीच झाली.

वैद्यबाई आता नाहीत. धाकटी पन्नाशीकडे झुकली आहे आणि ठणठणीत आहे. दंडावर एक बटणाएवढं यंत्र असतं, साखर फोनवर दिसते, इन्सुलिनही पंपातून जातं. "ताई, तू काळजी करू नकोस, सगळं मशीन बघतं," ती म्हणते. मी करत नाही. बरंच वाटतं. फक्त दिवेलागणीला हात रिकामे असतात, आणि त्या वेळी तिकडे तिची ऑफिसला जायची गडबड चाललेली असते.

रविवारी मात्र ती सवडीने फोन करते. तब्येतीचं एका वाक्यात उरकते आणि विचारते, "मंडईत काय काय आलंय गं?" मी सांगते, मटार आलेत, हरभऱ्याच्या गड्ड्या आल्यात, बोरं अजून आंबट आहेत. संपलं असं वाटून मी थांबते, तर ती म्हणते, "अजून सांग ना."