गव्हाच्या बिअरची लेबलं

मी जर्मन शिकले ती शिकवण्यासाठी. पण आयुष्य गेलं यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करण्यात. खराडीच्या एका कंपनीत दिवसभर पंप, झडपा आणि धोक्याच्या सूचना मराठीत आणायच्या आणि अख्खं शहर ओलांडून वारज्याला परतायचं. घरी पोचेपर्यंत कुठल्याच भाषेत बोलायची ताकद उरत नसे.

एका शनिवारी अर्ध्या दिवसाने निघत होते, तेव्हा म्युनिकहून आलेल्या इंजिनिअरने माझ्या हातात जड पिशवी दिली. "घरी न्या. आमच्याकडची गव्हाची बिअर आहे," म्हणाला. सामानात जपून आणलेल्या वेगवेगळ्या बाटल्या. त्याला काय सांगणार? माझ्या नवऱ्याने दारू सोडून वर्ष होत आलं होतं, आणि ते वर्ष आम्ही कसं काढलं हे मी ऑफिसात कुणाजवळ बोलले नव्हते. खालच्या शेजाऱ्यांना देऊन टाकू म्हटलं, तर त्यांच्या दाराला कुलूप.

दार यांनीच उघडलं. पिशवी हातातून घेतली आणि काचेवर काच वाजली तसे थबकले.

"कुणी दिल्या?"

"ऑफिसातल्या जर्मन पाहुण्याने. मी खाली देणार होते..."

"असू दे. आधी पाणी पी."

मी पाणी पिईपर्यंत त्यांनी बाटल्या ओट्यावर मांडल्या होत्या. "काय लिहिलंय, वाच."

"अहो, कशाला? दिवसभर तेच करून आलेय."

"दिवसभर पंपांसाठी वाचतेस. एकदा माझ्यासाठी वाच."

वाद घालायलाही अंगात त्राण नव्हतं. मी वाचायला लागले. "हेफेवाइत्सेन. हेफे म्हणजे यीस्ट, वाइत्सेन म्हणजे गहू. यीस्ट गाळलेलं नाही, म्हणून गढूळ." त्यांनी बाटली उजेडात धरली. तळाशी गाळ होता. "ही क्रिस्टाल. तीच, पण गाळून स्वच्छ केलेली."

"मग हिच्यावर वाइस का लिहिलंय?"

"वाइस म्हणजे पांढरं. रंगाने फिकट म्हणून वाइसबिअर. तीही गव्हाचीच. आणि ही काळपट, डुंकेल. खाली बॉक लिहिलंय. म्हणजे जास्त कडक."

"कडक," ते म्हणाले आणि ती बाटली त्यांनी एका बोटाने लांब सरकवली.

शेवटच्या बाटलीवर आल्कोहोलफ्राय होतं, म्हणजे बिनदारूची. ते मला सांगावं लागलं नाही. त्यांचा चेहरा उजळला आणि हात मांडणीतल्या ग्लासाकडे गेला. मी बाटली फिरवली. मागे बारीक अक्षरांत एक ओळ होती. मी ती वाचली नसती तर त्यांना कधीच कळलं नसतं.

"अहो, इथे म्हटलंय की अर्ध्या टक्क्यापर्यंत दारू असू शकते."

"म्हणजे नसल्यासारखीच."

"मला माहीत नाही. मी फक्त वाचतेय."

ते ग्लास धरून उभे राहिले. "तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही. मी दमलेय. वर्षभर तुमची पाठ वळली की तुमचा पेला हुंगत आलेय. आज तुम्हीच ठरवा."

"हुंगतेस ते माहितेय मला," ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी एकेक बाटली उघडून मोरीत ओतली. स्वैपाकघरभर पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास पसरला. "शिकरणीत कुणी लवंग टाकली?" त्यांनी विचारलं. मला हसू आलं नाही. शेवटची बाटली बराच वेळ हातात राहिली. तीही ओतली. नळ सोडून ठेवला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मी खिचडी टाकली. शिजल्यावर त्यांना जेवायला उठवलं.

सोमवारी इंजिनिअरने विचारलं, "आवडली?"

"वास फार छान होता," मी म्हटलं. तेवढं खरं होतं.

तो खूश झाला. बाटलीत शेवटचा घोट उरला की ती हलवून तळाचं यीस्ट कसं ग्लासात घ्यायचं, हे त्याने हाताने करून दाखवलं. मी मान डोलवत राहिले. "पुढच्या वेळी आणखी आणतो," तो म्हणाला.

"त्यापेक्षा चॉकलेट आणा," मी म्हटलं. "आमच्या घरी हल्ली गोड फार लागतं."

त्याने आणलं. दारू सुटल्यापासून यांना गोडाची तलफ येई; ते त्यांनी कुणाला न देता एकट्याने संपवलं.