इनास सामींचं तमिळ

शनिवारी संध्याकाळी मैलापूरच्या आसपासच्या प्रत्येक चर्चमध्ये कुमसार, म्हणजे पापांची कबुली, ऐकायला पाद्री बसत. पण रांग लागे ती फादर इनास तुस्कानो यांच्या जाळीच्या लाकडी पेटीपुढे. समुद्राकाठच्या कोळीवस्तीतल्या बायका तर येतच, पण आपापला पाद्री सोडून दूरदूरचे लोकही येत. म्हणत, या सामींचा, म्हणजे पाद्रीबाबांचा, कान मोठा. कान मोठाच होता. त्यातून आत फारसं काही जात नाही, हे मात्र एकट्या सामींना ठाऊक होतं.

फादर मूळचे वसईचे. मैलापूरचा धर्मप्रांत पोर्तुगीजांच्या हातात असताना, वसईकरांना पोर्तुगीज वळण असतं एवढ्या भांडवलावर त्यांना मद्रासला पाठवण्यात आलं. पुढे पोर्तुगीज बिशप गेले. जाताना जड सामान मागे राहतं, तसे फादर राहिले. तमिळ शिकायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ती भाषा त्यांच्या तोंडात गरम भातासारखी फिरायची. गिळताही येत नव्हती, थुंकताही येत नव्हती. बाजारापुरतं आलं, तिथं थांबलं. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लॅटिनमध्ये, तीही लोकांकडे पाठ करून. पाठीला तमिळ येतं की नाही, हे कोणी विचारत नाही. प्रवचन ते इंग्रजीत देत आणि उपदेशीमास्तर ते तिप्पट लांबवून, निम्मं बदलून तमिळमध्ये सांगत.

उरली कुमसाराची पेटी. तिथं मास्तरांना बसवता येत नव्हतं. जाळीपलीकडून बायका भरभर बोलत, रडत, नाक शिंकरत. फादर डोकं टेकून ऐकत आणि दहातला एखादा शब्द हाती लागे. मग करारी आवाजात एक वाक्य सुनावत, प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मरिया सांगत आणि लॅटिनमध्ये पापक्षमा देत. देवाला तमिळ येतं, हा त्यांचा एवढाच आधार होता.

अशी वर्षं गेली, आणि पासष्ट साली रोमहून आलेला नवा नियम मद्रासला पोचला : मिस्सा आता लोकांकडे तोंड करून, लोकांच्या भाषेत.

बाकीचे म्हातारे पाद्री हादरले. फादर इनास यांना मात्र तुरुंगाचं दार किलकिलं झाल्यासारखं वाटलं. वसईला आई होती, नजर गेलेली. गावाकडचं कोणी मद्रासला आलं की एकच निरोप आणायचं : आय विचारते, इनास कदी येणार? आणखीही एक गोष्ट होती, ती ते कोणाला सांगत नसत. त्यांना स्वतःला एकदा मराठीत कुमसार करायचा होता. इथं शेजारच्या पाद्र्यापुढे ते इंग्रजीत करत, आणि इंग्रजीत पापंसुद्धा कचेरीतल्या चुकांसारखी वाटतात.

तेव्हा त्यांनी ठरवलं : आर्चबिशपांच्या सचिवांना सरळ सांगायचं, तमिळ येत नाही, नव्या मिस्सेला मी निरुपयोगी, घरी पाठवा.

हा बेत त्यांनी जनकोजीरावांना सांगितला. जनकोजीराव शेजारी राहत. सरकारी हिशेबखात्यातून निवृत्त, तंजावरचे मराठे. त्यांचं घराणं व्यंकोजीराजांच्या मागून दक्षिणेत उतरलं आणि परत जायचं विसरलं. रोज दुपारी ते कॉफी घेऊन मराठी बोलायला येत. आपलं मराठी शुद्ध आणि समोरच्याचं बिघडलेलं, याबद्दल दोघांनाही खात्री होती.

"सेरी, बरें," जनकोजीराव म्हणाले, "येत नाहीं म्हणून सांगा. पण ते विचारतील, मग इतकीं वर्षें त्या कपाटांत बसून काय ऐकिलेंत?"

फादरांचा पेला ओठाशीच थांबला. एवढा साधा प्रश्न त्यांना सुचलाच नव्हता.

"आणि तुम्ही सांगतां तरी काय त्यांस?"

"त्यांचं मी काही सांगणार नाही. माझं वाक्य सांगतो. ठरलेलंच आहे. पाप सोड."

"तमिळांत कसें म्हणतां?"

"पावम, विडु."

जनकोजीरावांनी पेला खाली ठेवला. मग पंचा तोंडाला लावला. मग खांदे हलू लागले.

"अय्यो, सामी! हें तुम्ही मराठी करून टाकिलेंत. 'पाप सोड' आपल्यांत चालतें. तमिळांत 'पावत्तै विडु' म्हणावें. शेपूट लावल्यावांचून पाप सुटत नाहीं."

"आणि नुसतं 'पावम' म्हटलं तर?"

"मग पावम म्हणजे बिचारा! 'पावम, विडु' म्हणजे, बिचारा आहे, जाऊं दे."

फादरांच्या डोळ्यांपुढे एकेक चेहरा येत होता. दारुड्या नवऱ्याला घरात परत घेणारी आरोक्यम्मा. एका होडीवरून कोर्टात गेलेले आणि अचानक खटला काढून घेतलेले दोघे भाऊ. हे सगळं बाहेर वस्तीभर झालेलं. आत काय बोलणं झालं ते फादरांना माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. आरोक्यम्माने तर वंजरम मासा आणून दिला होता, पायावर डोकं ठेवलं होतं. फादरांना वाटलं होतं, बाईनं पाप सोडलं. तिनं नवऱ्याला माफ केलं होतं. त्यांनी गर्जून गर्जून जरब बसवायची, आणि लोकांनी दया ऐकून घरी जायचं, असा हा कारभार इतकी वर्षं बिनबोभाट चालला होता.

"हंसूं नका म्हणाल तर हंसत नाहीं," जनकोजीराव डोळे पुसत म्हणाले. "पण रांग कां लागते, तें आज समजलें."

मंगळवारी फादर सचिवांपुढे बसले. पायघोळ झगा इस्त्रीचा, वाक्य पाठ.

"मला या नव्या मिस्सेबद्दल बोलायचं होतं. माझं तमिळ..."

"हो, उच्चार ऐकलेत मी," सचिव हसून इंग्रजीत म्हणाले. ते तरुण होते आणि घाईत होते. "वाचायला त्रास होईल, एवढंच ना? समजतं तर सगळं. नाहीतर कुमसाराला बसला असता का?"

फादरांनी तोंड उघडलं. नाही म्हटलं की वसईची गाडी. नाही म्हटलं की चौकशी. रविवारी वेदीवरून जाहीर होणार की, ज्यांनी ज्यांनी फादर तुस्कानो यांच्याकडे कुमसार केला, त्यांनी तो पुन्हा करावा. आरोक्यम्मा पहिल्या बाकावर बसते. सामींनी म्हटलं म्हणून घेतलेला नवरा शेजारीच बसतो.

"समजतं," फादर म्हणाले.

"मग झालं! देवनागरीत लिहून घ्या, पाठ करा. तुमच्यासारखा माणूस आम्ही सोडणार नाही. लोकांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलंय."

बाहेर आल्यावर त्यांना आठवलं की आईचं नाव काढायचंही राहिलं. पण आता काढून काय सांगणार होते?

शनिवारी ते पेटीत बसले. एक गोष्ट त्यांनी पक्की केली होती. सुटका नाही तर नाही, निदान आजपासून प्रत्येक शब्द समजून घ्यायचा. जाळीपलीकडे एक म्हातारी गुडघ्यावर बसली आणि सुरू झाली.

"मेदुवा, अम्मा," फादर म्हणाले. "सावकाश सांगा."

म्हातारी एकदम गप्प झाली. इतक्या वर्षांत सामींनी असं कधी म्हटलं नव्हतं. आपण काहीतरी भयंकर बोलून गेलो, असं तिला वाटलं असावं. मागच्या रांगेत कुजबुज झाली. कोणीतरी चपला पायात सरकवल्या.

"सामी," म्हातारीने भीतभीत विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?"

"बरं आहे," फादर घाईने म्हणाले. "सांगा, सांगा. कसंही सांगा."

तिचा जीव भांड्यात पडला. ती पुन्हा आपल्या वेगाने बोलू लागली, आणि फादर इनास यांनी नेहमीसारखं डोकं लाकडाला टेकवलं.