उन्हात घातलेल्या अकरा वह्या

ती घटना मला आजही आठवते, आणि मी विसरायचं म्हटलं तरी घरचे विसरू देत नाहीत. पाहुणे आले, चहा झाला की आमची सौ. हळूच म्हणते, "अहो, ते वह्यांचं सांगा की." तेव्हा एकदा लिहूनच टाकतो. नावं कुणाचीच घालत नाही. त्यातल्या शहाण्यांचीही नाही आणि मूर्खाचंही नाही. मूर्ख कोण, ते पुढं कळेलच.

मी तेव्हा सोलापूर शहरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. निवडणुका सहा महिन्यांवर होत्या. सकाळची हजेरी घेऊन मी आवक रजिस्टरवर सह्या करत होतो, तेवढ्यात सात रस्त्याजवळच्या एका आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयातून फोन आला. चोरी झाली होती. काय गेलं विचारलं, तर पलीकडचा माणूस म्हणाला, "वह्या. अकरा."

आता या आमदारांबद्दल आधी सांगायला हवं. ते आणि मी शाळकरी वयात एकाच वसतिगृहात राहिलो. मंगळवेढ्याकडचं मेंढपाळाचं पोर, अंगाला लोकरीचा वास, गणितात दोनदा गटांगळी. मी त्या वसतिगृहात पहिला यायचो. निदान तीस-पस्तीस वर्षं मी बायकोला, मुलांना आणि हाताखालच्या प्रत्येक हवालदाराला तसं सांगत आलो होतो. पुढं तो गणिताचा नापास पंचायत समितीत गेला, मग विधानसभेत, एकदा नव्हे तीनदा. आणि पहिला आलेला मी, त्याची गाडी आली की टाचा जुळवून सॅल्यूट ठोकायचो. सौ. म्हणायची, "सॅल्यूट मारताना तुम्ही दात का आवळता? फोटोत दिसतं."

मत्सर म्हणजे काय, ते मला फौजदारकीच्या प्रशिक्षणात कुणी शिकवलं नाही. ते मी रोज सकाळी त्याचा फोटो असलेला पेपर उघडताना स्वतःच शिकलो. त्याचा फोटो चांगला आला असेल, तर त्या दिवशीचा चहा मला पाणचट लागायचा.

तर वह्या. त्या होत्या कात्रणांच्या. आमदारांबद्दल पेपरात आलेला शब्दन् शब्द पंचवीस वर्षं कापून त्यात चिकटवलेला. कोणत्या अधिवेशनात कोणता प्रश्न विचारला, यंत्रमागाच्या विजेवर काय बोलले, सीमेवरच्या कन्नड शाळा चालू ठेवा म्हणून कुणाशी भांडले, सगळं. हे काम करायचे एक वयस्कर गृहस्थ. पद्मशाली घरातले, आधी मागावर कामाला, मग आमदारांच्या पहिल्या निवडणुकीपासून त्यांच्या कार्यालयात. त्यांना सगळे कात्रणमामा म्हणत. कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच असे. वर्षभरापूर्वी आमदारांनी एक तरुण स्वीय सहायक ठेवला होता. कडक इस्त्री, दोन मोबाईल. मामांची आमदारांच्या केबिनमधली खुर्ची तेव्हापासून बाहेर, झेरॉक्स मशीनशेजारी आली होती.

मी घटनास्थळी गेलो. कुलूप तुटलेलं नव्हतं. कपाट रिकामं. सहायक म्हणाला, चोर सराईत असणार, ठसे पुसून गेलाय. खरंच, आतली फळी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसलेली होती. मी मान डोलावली आणि पंचनाम्यात तसं लिहून घेतलं. कपाटाच्या मुठीवर मात्र डझनभर बोटं उठलेली होती, हे मी पाहिलं आणि त्याचा विचार केला नाही. माझं लक्ष दुसरीकडं होतं. आमदारांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं होतं.

"तिसऱ्या वहीत एक पान हाय," तो म्हणाला. एकांतात तो मला अजून अरे-तुरे करायचा, मी मात्र त्याला साहेबच म्हणायचो. "पहिल्या वेळेला निवडून आलो तवाचं. मी सभागृहात चराईबंदीच्या बाजूनं बोललो होतो. मेंढरं झाडं संपवत्यात म्हणालो होतो. पक्षानं सांगितलं, बोललो."

त्याचं सगळं राजकारण पुढं ज्यावर उभं राहिलं, ते नेमकं याच्या उलट होतं. मेंढपाळांना वनात चराईचे पास मिळावेत, मेंढ्यांना विमा आणि लस मिळावी, यासाठी त्यानं दोन अधिवेशनं डोक्यावर घेतली होती. ते पान विरोधकांच्या हाती लागलं, तर गावोगावच्या वाड्यावस्त्यांवर त्याच्याच माणसांपुढं वाचून दाखवलं गेलं असतं. "मला पाडायला तेवढं एक पान बास हाय," तो म्हणाला.

मी गंभीर चेहरा करून काळजी करू नका म्हणालो. मनातून मात्र मला गोड वाटलं. खोटं कशाला सांगू.

दुपारी खबर आली. आमचा खबऱ्या सात रस्त्यावर पानाची गादी चालवायचा. त्यानं सांगितलं की आदल्या दिवशी लाल फडक्यात बांधलेली जाड वह्यांची चळत एका जीपमधून कर्नाटक सीमेजवळच्या दुधनीला गेली. दुधनीत विरोधी उमेदवाराचे पाहुणे होते. मी तिथल्या ठाण्याला कळवून दोन शिपाई घेऊन निघालो. गाठोडं एका आडत व्यापाऱ्याच्या घरी सापडलं. मी रुबाबात म्हणालो, सोडा ते. व्यापाऱ्यानं माझ्या पायांकडं पाहिलं. "पोथ्या हायत साहेब. मठातल्या. आधी बूट काडा, मग हात लावा." बायकोला आत वळून कन्नडमध्ये काहीतरी बोलला, तशी ती तोंडाला पदर लावून हसली. मी बूट काढले, पोथ्यांना नमस्कार केला, दिलेलं ताक प्यालो आणि परत आलो. डायरीत "माहितीत तथ्य आढळले नाही" असं एक ओळीचं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या सगळ्यांचे जबाब घ्यायला बसलो. सहायकानं पाऊण तास सांगितलं आणि त्यात काहीच सांगितलं नाही. मग मामा आले. अंगात धुतलेला नेहरू शर्ट, हातात टोपी. वह्यांचं विचारलं, तर कोणत्या वहीच्या कोणत्या पानावर काय, ते घडाघडा म्हणत गेले. शेवटच्या कधी पाहिल्या? परवा. कुणाला उपयोगी पडतील? त्यावर मामांनी दाराबाहेर उभ्या सहायकाकडं पाहिलं. "ते नवीन साहेबांना विचारा की. त्यांच्याकडं सगळं मोबाईलात असतंय म्हणे. वह्या गेल्या तर त्यांचं काय अडलं?"

माझं पेन थांबलं. शब्दांत काही नव्हतं, पण तो सूर माझ्या ओळखीचा होता. रोज सकाळी पेपर वाचताना मी नेमका तोच सूर काढतो. पुढं नोकरीभर मला याचा उपयोग झाला. रागावलेला माणूस ज्याच्यावर रागावलाय त्याच्याशी बोलतो, जळणारा माणूस त्याच्याबद्दल तिसऱ्याशी बोलतो.

पण सूर काही पुरावा होत नाही. पुरावा दिला आमच्या महिला हवालदारांनी. मी त्यांना पुन्हा कपाट बघायला पाठवलं होतं. त्या विणकरांच्या घरातल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या रुमालात कडुनिंबाचा वाळका पाला आणि फळीच्या सांदीत सापडलेला पापुद्रा होता.

"साहेब, ही खळ हाय. सुताला लावतात ती. वह्या खळीनं चिकटवल्यात."

"मग?"

"खळीला कीड लागती. म्हणून पाला ठेवलाय, म्हणून फळी पुसलीय. चोर ठसे पुसंल तर मूठ पुसंल की. फळीचा तळ कशाला?" त्या पुढं म्हणाल्या, "आणि चैत्र लागलाय. खळीचं काही असलं की चैत्रात ऊन दावावं लागतं. नाहीतर पावसाळ्यात सगळा भुगा."

चोर वस्तू लपवतो, हे खरं. पण पंचवीस वर्षं दर चैत्रात ऊन दाखवणारा माणूस चोरी केली म्हणून एक वर्ष चुकवेल का? दुपारी बारा वाजता आम्ही मामांच्या गल्लीतल्या एका उंच घराच्या गच्चीवर चढलो. समोर मामांची गच्ची. तिच्यावर जुनं लुगडं अंथरून अकरा वह्या उघड्या करून ठेवलेल्या, पानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर दगड, आणि शेजारी छत्री धरून मामा बसलेले. छत्री त्यांच्या डोक्यावर नव्हती. जिथं फोटोंची पानं उघडी होती, तिथं फोटोंवर धरली होती, रंग उडू नये म्हणून.

चोरीचा माल वाळत घातलेला मी नोकरीत पहिल्यांदा पाहिला.

मामांनी पळायचा प्रयत्न केला नाही. आम्ही पंचांना घेऊन त्यांच्या गच्चीवर येईपर्यंत त्यांनी चौथी वही तेवढी उलटी केली, तिची पाठ राहिली होती म्हणून. मग म्हणाले, "चला. फक्त खालनं जाताना बेड्या नको साहेब. माझ्या हातानं हार घातलेला माणूस आमदार झालाय, गल्लीत एवढंच माझं नाव हाय." बेड्या घालायचा माझा विचारच नव्हता. पण गल्ली बघतच होती, आणि मामा त्या दोनशे पावलांत माझ्या डोळ्यांदेखत म्हातारे झाले.

मुद्देमाल म्हणून प्रत्येक वहीची नोंद घ्यायची होती, म्हणून ठाण्यात येऊन मी वह्या चाळायला बसलो. मूर्खाचा भाग इथं येतो. नोंदीला दहा मिनिटं पुरली असती. मी तीन तास वाचत होतो. तिसऱ्या वहीतलं ते पान सापडलं. चांगलं तीन कॉलमी. त्याच वेळी ठाण्याच्या लँडलाइनवर एका पत्रकाराचा फोन आला, वह्या मिळाल्या म्हणे, काही विशेष? माझ्या दुसऱ्या हातात मोबाईल होता. पानाचा एक फोटो काढला असता, की आजवरचे सगळे सॅल्यूट फिटले असते. मी कॅमेरा उघडला होता. हे मी आजवर फक्त सौ.ला सांगितलं होतं, आज तुम्हाला सांगतो.

तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून मामांचा आवाज आला. हवालदारांना विचारत होते, "साहेब पानं उलटताना थुंकी तर लावत नाहीत ना?"

मी लावत होतो. जीभ आत घेतली, पत्रकाराला विशेष काही नाही सांगितलं आणि आमदारांना बोलावणं धाडलं.

ते सहायकाला घेऊन आले. मामा उभे राहिले. सहायक म्हणाला, कारवाई झालीच पाहिजे, विरोधकांकडून फूस आहे. मामांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. आमदारांना म्हणाले, "तुमच्या कामाचा अहवाल छापायचाय म्हणून यानं मला सांगितलं, तिसऱ्या वहीतलं ते पान फाडा. नसंल जमत तर सगळ्या रद्दीत घाला."

आमदारांनी विचारलं, "म्हणून तुमी वाचवल्या?"

इथं एखाद्या पुस्तकात मामा म्हणाले असते, सत्य जपायचं होतं. आमचे मामा म्हणाले, "वाचवायचं काय त्यात. तुमी म्हणाला असता तर मी कवाच फाडलं असतं. पण यानं सांगायचं? पंचवीस वर्षं मी चिकटवायचं अन् हा सांगणार?"

आमदारांनी तिसरी वही ओढली, ते पान उघडलं आणि उभ्यानं वाचलं. "हे छापून आलं त्या दिवशी मी घरी गेलो होतो," तो माझ्याकडं बघत म्हणाला. "बाबा मेंढरं घेऊन आले. कुणीतरी वाचून दाखवलं होतं त्यांना. जेवायला बसल्यावर म्हणाले, मेंढरं झाडं खात्यात म्हणालास. तू काय खाऊन मोठा झालास?"

मग वही मिटून मामांच्या हातात दिली. "ऱ्हाऊ दे पान. विचारलं कुणी तर बाबांचं सांगतो." सहायकाला बाहेर जाऊन गाडी लावायला सांगितलं. आणि मला म्हणाला, "तू वाचलंस की हे. मग पेपरात कसं न्हाय आलं अजून?" हसत म्हणाला, पण मला घाम फुटला.

त्या घामाच्या भरात मी नको ते बोलून गेलो. म्हणालो, "साहेब, वसतिगृहात पहिला आलेला माणूस आहे मी. असलं करणार नाही."

तो विचारात पडला. मनापासून. "पहिला? पहिला तू कवा व्हतास? पहिला तो स्टेशन मास्तरचा मुलगा."

मी म्हणालो, आठवणीत गडबड होतेय साहेबांच्या. तेव्हा मामांनी न विचारता पहिली वही उचलली, पहिलंच पान उघडलं आणि चष्मा न लावता म्हणाले, "हितं हाय की." वसतिगृहाच्या बक्षीस समारंभाची पिवळी पडलेली बातमी, मामांनी मागाहून जुन्या रद्दीतून शोधून लावलेली. प्रथम क्रमांक, स्टेशन मास्तरांचा मुलगा. द्वितीय क्रमांक, मी. आणि अगदी तळाला, "शेवटी आभार अमुक यांनी मानले." ते अमुक म्हणजे आमदार. स्टेजवरचं त्याचं पहिलं भाषण, छापून आलेलं त्याचं पहिलं नाव. कात्रण त्यासाठी होतं. त्या बातमीत मी आहे, हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याच्यावर जळत होतो, त्याला धूरसुद्धा लागला नव्हता.

कायद्याचं म्हणाल, तर वह्या सांभाळायचं काम मामांचंच आणि किल्लीही त्यांचीच. आमदारांनी गैरसमजुतीनं तक्रार दिल्याचा पुरवणी जबाब लिहून दिला, आणि आम्ही कोर्टाला 'क' समरी पाठवून प्रकरण बंद केलं. मामांना आमदार स्वतःच्या गाडीतून, पुढच्या सीटवर बसवून, गल्लीत सोडून आले. खुर्ची परत केबिनमध्ये गेली. सहायकही तिथंच राहिला, आणि मामा त्याच्यावर नियमित जळत राहिले. विरोधकांना त्या भाषणाची कुणकुण लागलीच, जाहीर सभेत विचारलं गेलं, आणि आमदारांनी बाबांचं वाक्य सांगितलं. मतमोजणीला बंदोबस्त माझ्याकडं होता. गुलाल माझ्या टोपीवरही पडला. दात आवळले, पण जरा कमी.

नोकरीत मी शेकडो साक्षीदारांना विचारलं असेल, तुम्ही स्वतः पाहिलं का? ज्याचा हितसंबंध असतो त्याची स्मृती तपासून घ्यावी, असं हाताखालच्यांना शिकवलं. मत्सराइतका मोठा हितसंबंध दुसरा नाही. हे मला ठाण्याच्या टेबलावर, आरोपीनं शिकवलं.

निघताना मी मामांना त्या बातमीची झेरॉक्स मागितली होती. दुसऱ्या दिवशी ती देताना म्हणाले, "डिंक वापरू नका, कडक होतो. खळच घ्या. आणि चैत्रात ऊन दावा." घरी एक वही केली आहे, त्यात ते एकच कात्रण आहे. दर चैत्रात सौ. ती गच्चीवर ठेवते, आणि मी दगड ठेवायच्या निमित्तानं वाचून घेतो. अजून दुसराच आहे.