हेल्मेटवरचं खोबरेल

खोबरेलाचा वास आला की इतरांना न्हाणं आठवत असेल, मला माझं अमेरिकन फुटबॉलचं हेल्मेट आठवतं. आमच्या छोट्या लीगमध्ये हेल्मेट ज्याचं त्याने आणायचं. टीमने खेळाडूला काढलं की त्याने जुना स्टिकर खरवडायचा आणि नव्या टीमचा लावायचा. काही वर्षांपूर्वी एका रविवारी, ओहायोतल्या टीमने मला काढलं होतं आणि आई-बाबांच्या पार्सिपनीच्या घरी, किचनमध्ये, आई थंडीत गोठलेलं खोबरेल चमच्याने काढून स्टिकरचा चिकट डाग घासत होती. बाबांचे मित्र, एक काका, चहाला आले होते. "किती वर्षं असा गावोगाव फिरणार? रेझ्युमे पाठव, आमच्या कंपनीत रेफर करतो," ते मला म्हणाले.  आईने हेल्मेटच त्यांच्यापुढे सरकवलं. "भाऊजी, जरा घट्ट धरा. डाग निघत नाहीये, आणि उद्या टेक्ससच्या टीमकडे याची ट्रायआउट आहे." काकांनी धरलं. इस्त्रीच्या शर्टाला तेल लागलं, पण डाग जाईपर्यंत आईने त्यांना सोडलं नाही. परवा मला पुन्हा एका टीमने काढलं. तिशी उलटलीये, गुडघा कुरकुरतो. आज सकाळीच हेल्मेट घासून लख्ख केलंय. ज्या टीमला आपला स्टिकर लावायचाय तिने फोन करावा. काकांनी करू नये.