सलिमाभाभींच्या गोठ्याचा कायदा

रहिमतपुरात आमच्या भिंतीला भिंत लावून सलिमाभाभी राहतात. साठी ओलांडलीय, पण त्यांना शेळ्यांमागे पळताना बघून मला माझ्या पोटाची लाज वाटते. त्यांच्या गोठ्याचा कायदा एकच: नाव ठेवलेलं जनावर विकायचं नाही. म्हणून म्हातारी शेळी तेवढी हसीना, बाकीच्यांना नुसतं ‘हुर्र’.

हा कायदा नात झोयाला पाठ. पाचवीतली पोरगी. एकदा इंग्रजीचं पुस्तक घेऊन ओट्यावर मोठ्याने वाचत बसली. बोकड तो बक, शेळी ती डो. हरणातही नर बकच आणि मादी डोच. गाईचं वासरू काफ, हत्तीचं पिल्लूही काफ. लेंड्या झाडता झाडता भाभी म्हणाल्या, “एवढं राज्य केलं, अन् हत्तीच्या पोराला येगळा शब्द न्हाई?”

तेव्हापासून झोया बाजारासाठी वाढवलेल्या काळ्या बोकडाला बक म्हणू लागली. बाजाराच्या आदल्या दिवशी तिने दावाच मांडला: ह्याला नाव आहे, हा जाणार नाही. भाभींनी मला पंच नेमलं. मला गप्प बसवतं होय? ऐटीत निकाल दिला, की इंग्रजीत जगातला प्रत्येक बोकड बकच, हे काही नाव नव्हे. पोरगी पाय आपटत आत गेली. सकाळी माझ्याकडे न बघताच शाळेला गेली, तेव्हा मात्र मला कसंसंच झालं. कांद्याचं निमित्त काढून मी भाभींसोबत बाजारात गेलो.

विट्याच्या एका गिऱ्हाइकाने दात बघितले, पाठ चाचपली, बोकड पसंत केला. तेवढ्यात दावं सुटलं आणि स्वारी शेजारच्या कळपात घुसली. तिथे पंचवीसेक काळी जनावरं, ओळखायचं कसं? भाभींनी ‘हुर्र’ केलं. सगळ्यांनी माना वर केल्या, हललं कोणी नाही. मग इकडेतिकडे बघत, तोंडाला पदर लावून त्या हळूच म्हणाल्या, “बक.”

एकच बोकड वाट काढत आला आणि त्यांचा पदर चघळू लागला.

गिऱ्हाइकाने दाव्याला हात घातला, तर भाभींनी ते मनगटाला गुंडाळलं. “दुसरा बघा, भाऊ. ह्याला नाव हाय.”

परतताना मी विचारलंच, की झोयाचं ठीक आहे, पण तो तुमच्या हाकेला कसा काय सरावला?

भाभींनी बोकडाच्या तोंडातून पदर सोडवला. “भावजी, तुमी कांदं घ्याचं इसरला.”